सोळांत नसलेलं अक्षर

रात्रपाळी. बाहेर क्लेअरची दलदल,
कुंपणापलीकडे कुणाच्या तरी गाई धुक्यात उभ्या.
आत मी, नुअला हेहिर. चहा तिसऱ्यांदा गार.

समुद्रावर आत्ता चाळीसेक विमानं आहेत
आणि कानाला हेडफोन एकाच्याही नाही.
त्यांचा दोष नाही. शॉर्टवेव्हची खरखर,
तापल्या तव्यावर रात्रभर कुणी पाणी शिंपडत राहावं तशी;
तासभर ऐका, डोकं उठतं.
म्हणून प्रत्येकाला चार अक्षरं दिलेली, अक्षरागणिक एक सूर.
दोन सूर जोडीनं,
जरा थांबून
पुन्हा दोन.
ज्याचे त्याच्याच कॉकपिटात घंटी वाजते,
बाकीच्यांच्या कॉफीवर तरंगसुद्धा उठत नाही.

सूर सोळा. ए पासून एस पर्यंत, मधली तीन अक्षरं गाळून.
गाळलेल्यांत एन आहे.
म्हणजे मला कुणी बोलवायचं म्हटलं तर –
हे मी पहिल्याच आठवड्यात ताडून पाहिलं होतं.

वडील उतारावर दोन कुत्री एकदम चालवायचे.
टेससाठी शीळ वर चढणारी,
मॉससाठी मधेच मोडून खाली येणारी.
टेसला बोलावलं की मॉस गवतात पोट टेकून तसाच,
फक्त एक कान हलायचा.

तीन वाजून दहा. लिस्बनहून निघालेल्या मालवाहूला
उंची बदलायची आहे. मी दाबते: सी-जी, के-आर.
उत्तर येतं. पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा:
"शॅनन, घंटी आमच्याकडे वाजली.
आम्ही डाकारच्या दक्षिणेला आहोत."

अक्षरं पुरत नाहीत. एकच नाव दोघांना देतात,
दोघांना एकमेकांपासून लांब ठेवून.
रात्री आकाश वर चढतं
आणि हाक भलत्याच दारात जाऊन पडते.
"तुम्ही नाही," मी सांगते. "माफ करा."
"असू दे. चार तासांत कुणी हाक मारली नव्हती.
तुमच्याकडे पाऊस?"
"धुकं."
मग खरखर.

टेस गेली त्या वर्षी, लोकर कातरायच्या दिवसांत,
वडिलांच्या तोंडून सवयीनं तिची शीळ गेली.
मॉस उठला. अर्ध्या वाटेवर आला, थांबला.
वडील त्याला रागावले नाहीत.
टोपी काढून आतलं अस्तर बघत राहिले.

पुन्हा दाबते. तेच चार सूर.
लिस्बनवाला लगेच बोलतो, घाईत, आकडे परत वाचून दाखवतो.
मी वेळ लिहून ठेवते.

डाकारच्या दक्षिणेलाही घंटी वाजली असणार.
तो काही बोलत नाही.
कान हलला असेल.