निळा डबा

विमल उतेकर लाँचवर चढली की
मी आधी डब्याला जागा करतो, मग तिला.
निळा डबा, आत बर्फ, बर्फात लशी.
उन्हात ठेवायचा नाही,
हे आता बामणोलीच्या धक्क्यावरचं पोरही मला सांगतं.

डिझेलची वर्गणी घरटी वीस रुपये.
जाईबाई सपकाळनं अंडी दिली.
वहीत लिहिलं : अंडी, सहा.

कोयनेचं पाणी चढलं तेव्हा सरळ वाट बुडाली.
मग डोंगराचा वळसा :
चार खांदे, एक झोळी, झोळीत आई.
दुसऱ्या खिंडीपासून खांदेकरी सावकाश चालू लागले.
मी लहान. मला वाटलं, दमले.

पलीकडच्या वाडीत आज तीन पोरं टोचायची.
पहिल्याचं रडणं पाण्यावरून लाँचपर्यंत आलं.
इंजिन बंदच ठेवलं,
ऐकत बसलो.

परतताना तिनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला,
फुस्‌फुस्‌ फुगवला.
"एकशे सत्तर. काका, खारं बंद.
सोमवारी दवाखान्यात. तुम्ही नुसतं बसायचं,
लाँच दुसरं कुणी चालवेल."

दुसरं कोण, ते तिलाही माहीत नाही.

आकडा वहीत लिहून ठेवला,
अंड्यांच्या खाली.