बावन्न ग्रॅम

गुरुवारी संध्याकाळी सहाला एर्मेसच्या दुकानात.
टेबलं नाहीत. पेला कालव्याच्या कठड्यावर ठेवायचा
आणि कोपरं आवरून उभं राहायचं.
व्हेनिसमध्ये वाइनच्या छोट्या पेल्याला सावली म्हणतात.
का, ते विचारलं की प्रत्येक म्हातारा वेगळी गोष्ट सांगतो.
माझीही एक आहे,
पण तिला आधी एक सावली पाजावी लागते.

काचेआड बशा:
पावाच्या चकतीवर घोटलेला पांढरा कॉड,
अर्धं अंडं, वर अँकोव्हीची वळकटी,
व्हिनेगरात मुरलेलं सार्डिन, कांदा, चार बेदाणे.
(बेदाणे मी मोजतो. एकदा तीन निघाले.)
बशी दोन युरो, सावली दीड.

एल्विराच्या डोळ्यांत तराजू आहे.
अडतीस वर्षं हॉटेलांच्या चादरी धुतल्या तिने,
कुठला डाग कितीला पडला, लांबून ओळखते.
"आठ बशा, चार पेले, बावीस युरो," ती म्हणते,
"एवढ्यात घरी तीन दिवस जेवू घातलं असतं
आणि तू ढेकरही दिली असतीस."
मग हातातली काडी दाखवत, माझ्याकडे न बघता:
"दात कोरून पोट भरत नाही, तुल्यो."

नाहीच भरत.
पुलापलीकडे सोळा युरोंत ताट मिळतं, काठापर्यंत.
पण ताट एकदा समोर आलं
की ते संपेपर्यंत माणूस त्याचा बांधील.
बशी दोन घासांत रिकामी,
आणि दर वेळी नव्याने ठरवावं लागतं,
थांबायचं की निघायचं.
एल्विरा दर वेळी म्हणते, निघू या,
आणि बोट काचेकडे करते.

गेल्या गुरुवारी मात्र
पावाची चकती मला हलकी लागली.

मी एकतीस वर्षं मासळीबाजारात काट्यावर होतो.
म्हाकूळ, बोय, वळवळते ईल,
माझा तळवा आधी बोलायचा
आणि काटा नुसता मान डोलवायचा.
"चाळीस," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
"चाळीस ग्रॅम, एर्मेस. वर्षापूर्वी पन्नास होते.
तुझं भाडं वाढलं, मान्य. कॉडने काय घोडं मारलं?"
नाववाला रेमीजो हसला. दोन-चार जण सरकून जवळ आले.

एर्मेस काही बोलला नाही.
हॅम तोलायचा काटा आणला, पुसला, शून्यावर आणला,
चकती ठेवली.

बावन्न.

मी दुसरी मागितली.
एकावन्न.

रेमीजो नावेचा दोर तपासायला गेला,
तो घट्टच होता.
मी हात खिशात घातला,
पाहुण्यांसमोर खोटं बोललेल्या पोराला
आत पाठवतात तसा.
हात कधीपासून चुकतोय?
निवृत्तीनंतर की त्याच्याही आधी?
शेवटी शेवटी मी काट्याकडे बघतही नव्हतो.
किती बायका माझ्या शब्दावर पैसे मोजून गेल्या असतील.

एर्मेसने दोन सावल्या भरल्या. पैसे लावले.
फुकट दिल्या असत्या तर मी परत आलो नसतो,
हे त्याला कळतं.
एल्विराने पर्स उघडली.
"अजून एक कॉड," ती म्हणाली.
"मोठा नको. एवढाच."
मधोमध तोडला,
आणि एक तुकडा माझा हात खिशातून ओढून
त्याच तळव्यावर ठेवला.
तो मला हलकाच लागला.

बिल एकोणतीस युरो.
वजनाला मागवलेली चकतीही धरली होती, रास्तच.
घरी पोचेपर्यंत भूक लागली.
एल्विराने दोन अंडी उकडली.
परवडलं का, हे दोघांनीही विचारलं नाही.
तिने मिठाचं भांडं पुढे केलं, "अंदाजाने घाल,"
आणि मग परत घेऊन
स्वतःच घातलं.