धुण्याचा गुरुवार

पस्तीस वर्षं मी टपाल लावलं,
माल्मोच्या मोठ्या कचेरीत, खणाखणांतून.
पत्ता बघायचा, हात चालवायचा.
माणूस बघायची वेळ आली नाही.

निवृत्त झाले, आणि आमच्या इमारतीच्या तळघरात
धुण्याच्या खोलीच्या दारावर
स्वतःच पत्रं लिहू लागले,
बिनपत्त्याची, बिनसहीची:
"ड्रायरच्या जाळीतला बोळा काढत जा."
"रात्री अकरानंतर मशीन लावणाऱ्यांनो,
इतरांनाही झोप असते."
अक्षर ओळखू येऊ नये म्हणून
डाव्या हाताने.

माझा राग तिसऱ्या मजल्यावर होता.
तिसरा मजला म्हणजे कोण, ठाऊक नव्हतं.
जिन्यात पावलं, परतलेल्या कांद्याचा वास,
आणि मशीनमध्ये राहून गेलेला
तान्ह्या बाळाचा एक मोजा.

मग ऑगस्टात तळघरातला नळ फुटला.
घरमालकाने पाटी लावली: तीन आठवडे बंद.
आम्ही सगळे बादल्या घेऊन अंगणात,
दोन बर्चच्या मध्ये दोरी,
आणि दोरीवर ज्याचं त्याचं उघड्यावर.
ओस्वाल्दोच्या बनियनला तीन भोकं,
माझ्या चादरीला ठिगळ.
पहिल्या दिवशी लाज वाटली.
दुसऱ्या दिवशी चिमटे उसने मागितले.
तिसऱ्या दिवशी सबाहने
सुक्या लिंबाचा काळा चहा आणला,
आणि कपडे वाळेस्तोवर कुठे टेकायचं म्हणून
ओस्वाल्दोने घडीचं टेबल.

तिथे कळलं, रात्री अकराचं मशीन इदिलचं.
इस्पितळातली पाळी संपवून येते,
गणवेशावरचं कुणाकुणाचं रक्त
पोर उठायच्या आत धुऊन टाकते.
मी चहात बघत राहिले.
डावा हात टेबलाखाली.

आमच्यात मग सगळं गोडगोड झालं
असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.
मुनिरा म्हणते, मांस भरलेला तोच बुरेक,
बाकी सगळं पिटा,
चीज भरून त्याला बुरेक म्हणणाऱ्याला
तिच्या गावात कुणी जेवायला घालत नाही.
यावर अख्खी संध्याकाळ गेली.
सायकली कुठे लावाव्यात यावर दोन.
भांड्याला भांडं लागतंच.
पण त्यासाठी आधी भांडी
एका फळीवर यावी लागतात.
पूर्वी मी छताशी भांडायचे.
आता मुनिराशी भांडते
आणि ती मला नावाने सुनावते:
गुन्वोर. दर वेळी वेगळं चुकवून.

मशीनं दुरुस्त झाली.
गुरुवार कुणी बंद केला नाही.
नोव्हेंबरात चारलाच अंधारू लागलं
तसे आम्ही तळघरात उतरलो,
घरघरत्या मशीनच्या डोक्यावर किटली,
कोमट भिंतीला पाठ.
तिथे एकदा सांगून टाकलं,
चिठ्ठ्या माझ्या होत्या.

ओस्वाल्दो म्हणाला, "अक्षरावरून वाटलं
एखादं शाळकरी पोर असेल."
इदिल हसली नाही.
उठली, ड्रायरच्या जाळीतला बोळा काढला,
माझ्या तळहातावर ठेवला.
राखाडी, ऊबदार.
कुणाचा म्हणून सांगता आला नसता.

जानेवारीत छाती भरली, गेले नाही.
सातला बेल वाजली. उठेपर्यंत
दारात कुणी नाही,
पायपुसण्यावर झाकलेली बशी, वर चिठ्ठी:
"जाळी साफ आहे. खुर्ची तुमची तशीच आहे.
हा बुरेक नाही, पिटा आहे. वाद घालू नका."
खाली सह्या, एकीला एक चिकटून,
शेवटची पोराची, उलट्या अक्षरांत.

सवयीने आधी पत्ता शोधला.
पाकीटच नव्हतं.
कुठल्या खणात टाकावी कळेना,
अजून उशाखाली आहे.