दोर कुणी कापला

फुजैराला, कॅफेटेरियाच्या वरच्या खोलीत
शुक्रवारी जेवणं उरकली
की आमची जहाजं निघतात.

एका मोबाइलवर तीन डोकी.
जपानी चाच्यांचं चित्रपुस्तक, इंग्रजीत आलेलं.
मी वाचत वाचत मराठी करतो,
कारण इलियास होडेकरला इंग्रजी येतं ते
खोक्यांवरचं तेवढंच :
ही बाजू वर, जपून, काच आहे.

प्रल्हाद भुसावळचा. त्याच्याकडे वही,
जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठी शिवून केलेली.
तीत प्रत्येक चाच्याला गुण.
मुरासा सरदार : तलवार ब्याण्णव, अक्कल चाळीस.
आंधळी तोमे : भाला अठ्ठ्याऐंशी,
रात्री मात्र शंभर,
कारण रात्री सगळेच आंधळे, आणि तिला सवय.
कागेतो : खोडलेलं, वर लिहिलेलं, तेही खोडलेलं.

भांडण होतं ते कागेतोवरून.
दोनशे बाराव्या भागात, भर वादळात,
त्यानं आपल्याच जहाजाच्या नांगराचा दोर कापला.
का कापला, ते चित्रकारानं दोन वर्षं सांगितलं नाही.

प्रल्हाद म्हणतो, फितूर.
मी म्हणतो, सूड. त्याच्या भावाला कप्तानानं
बेटावर सोडून दिलं होतं;
सत्तराव्या भागात मागे, कोपऱ्यात, दिसतो तो,
नखाएवढा.

इलियास दोन बोटांनी चित्र मोठं करतो.
"ह्यो दोर बघ. कसा ताणलाय.
नांगर खडपात अडाकलाय.
लाट वर उचलते, नांगर खाली खेचतो,
नाळ फुटते अशानं.
फितूर कसला? तांडेल हाय तो."

"आणि ते तिघं बुडाले, त्यांचं काय?"

"ते बुडणारच व्हते," म्हणतो
आणि चहा आणायला खाली जातो.
किटलीत चहा असतो अजून.

खिडकीतून दिसतात तेलाची जहाजं,
शंभरेक, नांगर टाकून उभी.
आम्ही त्यांना कांदे पोचवतो, दोर पोचवतो,
साबण, खिळे, वाढदिवसाचा केक एकदा.
मी बार्शीचा. दोर म्हणजे मला
विहिरीचा माहीत, नाहीतर बैलाचा.

साखरतरचाच एकजण
कलबाच्या मासळीबाजारात बोलून गेला होता :
याच्या आजोबाचं गलबत, मकरानच्या अलीकडे, रात्री.
आजोबा परत आला. तिघं नाही आले.
त्या घरात मग कितीतरी वर्षं
कुणी मुलगी दिली नाही.
मी इलियासला हे कधी विचारलं नाही.

तीनशे चाळिसावा भाग आला.
कागेतो गुडघ्यांवर, समोर एक थैली,
तोंडातून निघालेल्या फुग्यात सरळ शब्द :
मुरासानं मला तीनशे मोहरा दिल्या.

मी वाचलं :
"नांगर खडकात अडकला होता."

प्रल्हादनं स्क्रीनकडे पाहिलं.
त्याला इंग्रजी येतं.
पेनाचं टोपण काढलं, लावलं.

"आन् ही थैली कसली?" इलियासनं विचारलं.

"खिळे," मी म्हटलं. "जहाजाचे."

"असतील."

रात्री जिन्यात प्रल्हादनं गाठलंच.
"असं का वाचलंस?"
मला तीन कारणं सुचली.
एकही धड उभं राहीना.
दया म्हणावी, तर ती मी केली कुणावर,
आणि मला ती कुणी मागितली होती?
तो म्हणाला, चित्रकाराचं खोटं करणारा तू कोण.
खरं होतं.

शनिवारी पहाटे बोटीत आम्ही दोघंच,
पायाशी नव्या दोराची वेटोळी,
एका ग्रीक जहाजाला द्यायची.
पाणी तेलकट, वारा पडलेला.
इलियास वल्हवल्यासारखा खांदा हलवत होता,
इंजिन चालू असूनही.

अर्ध्यात आल्यावर म्हणाला,
माझ्याकडे न बघता,
"खिळे थैलीत नाय ठेवत कोण.
तेलाच्या डब्यात ठेवतात. गंजतात नायतर."

मग दोराचं टोक माझ्या हातात दिलं.
"धर. सोडू नको."