शून्य कुठून धरायचं

डोलोनच्या घाटात तो खड्डा लागला, तेव्हापासून
गाडी नाकासमोर चालत नव्हती.
हात सैल सोडला की डावीकडे,
समोरून येणाऱ्या कोळशाच्या ट्रककडे,
एखादी बाई बोलता बोलता माहेरच्या गोष्टीवर घसरते तशी.
डाव्या टायरला आतून टक्कल पडलं,
बाहेरून भांग शाबूत.
चार प्रवासी, दोन पोती बटाटे, नारिन ते बिश्केक,
आणि सगळा रस्ता स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरायचं.
रात्री खांदा विचारायचा,
बुरुलाय, गाडी चालवतेस की घोडं ओढतेस?

अलाइनमेंटचं यंत्र तिकडे राजधानीत.
तिथे जितके पैसे लागतात तितक्यात एक जुनं टायर येतं.
म्हणून तिलेकने फोनवर ॲप टाकून दिलं,
फुकटचं. दर दोन मिनिटांनी
कर्ज हवंय का, असं विचारणारं.

पहिली सूचना:
फोन सपाट जागेवर ठेवा आणि शून्य करा.

मी घरभर हिंडले.
ओटा ०.९.
टेबल १.४, एका पायाखाली पुठ्ठा असून.
लग्नातली पेटी, खिडकीची चौकट,
काहीच गुण्यात नाही.
गॅरेजची फरशी नदीकडे कललेली.
फोनच्याही पाठीवर कॅमेऱ्याचं आवाळू,
ज्याला स्वतःला धड बसता येत नाही
तो मला सांगणार, चाक किती झुकलंय.

सासरे दारात बसले होते, हातात चहाची वाटी.
ओमुरझाक गवंडी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात ठेवल्या.
काही न बोलता वाटी फरशीवर टेकवली.
चहा एका काठाला भिडला, दुसऱ्या काठापासून
बोटभर खाली राहिला.
आम्ही दोघांनी पाहिलं.
मग त्यांनी ती उचलली आणि पिऊन टाकली.

दुपारभर पारदर्शक नळीत बिटाचं पाणी,
एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे.
चाकांखाली जुन्या लिनोलियमचे तुकडे,
इथे तीन, तिथे पाच, मध्ये वंगण.
फोन लाकडाच्या पट्टीला चिकटवला, पट्टी रिमला टेकवली:
उणे १.८.
पट्टी उलटी फिरवून टेकवली: उणे १.४.
तोच फोन, तेच चाक.
सासरे म्हणाले, दोन साक्षीदार भांडले
की मधलं धरायचं.

बोल्ट सैल केले, चाक खांद्याने ढकललं, आवळले.
मधेच कर्ज. नको म्हटलं.
पुन्हा मोजलं. पुन्हा सैल.
चाकाचं तोंड कुठे वळलंय ते मात्र फोनला कळेना,
त्यासाठी मासे धरायचा दोरा,
दोन्ही बाजूंनी ताणलेला, आणि तिलेकची शाळेतली पट्टी.
पुढे अकरा मिलिमीटर, मागे आठ.
टाय रॉडला अर्धा आटा.
अंधार पडेपर्यंत पाठीवर पडून
मी त्या अर्ध्या आट्याशी हुज्जत घालत होते.

रात्री फोन हातात होताच,
सहज सासऱ्यांच्या पलंगावर ठेवला.
२.३. नदीच्या बाजूला.
किती वर्षं सांगत होते ते,
झोपेत मी खाली घसरतो म्हणून.
आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं.
उरलेलं लिनोलियम पायांखाली घातलं.
त्यांनी आकडा बघितला नाही.

पहाटे कोचकोरच्या पुढे तो लांब सरळ पट्टा.
मागे प्रवासी झोपलेले. मी हात उचलले.
एक. दोन. सहा. अकरा मोजले.
गाडी आपली नाकासमोर.
स्टिअरिंग मात्र थोडं उजवीकडे मान कलवून,
ऐकू कमी येणाऱ्या माणसासारखं.
ते राहू दे.

संध्याकाळी घरी आले तर सासरे कुरकुरत होते:
त्या सपाट पलंगावर
रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.