हातचा

ओळखपत्रावरच्या फोटोत माझे डोळे मिटलेले.
पुन्हा काढू या का, विचारलं, तर बाई म्हणाल्या,
नऊच आठवडे तर आहेत.

तर नऊ आठवडे मी डोळे मिटून
फ्रांकफुर्टच्या चौतिसाव्या मजल्यावर जात राहिले.
लिफ्टमध्ये बटणं नाहीत. मजला खालीच सांगायचा,
मग ती एक अक्षर देते, त्या अक्षरासमोर उभं राहायचं.
माझ्या गावात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे
समुद्राचा बांध, आणि त्यावर उभी मेंढी.
तिथे भर दुपारीही "मोइन" म्हणतात.
इथे मी म्हटलं की लोक घड्याळ बघतात.

कोट उसना. बूट चावरे.
कॉफीच्या यंत्राला अठरा बटणं, चहाचं एक,
त्यातून येतं ते कोमट पाणी
ज्याने चहाचं नुसतं नाव ऐकलंय.

सोबतचा यॉस्ट कंपन्या विकणाऱ्या विभागात.
पहाटे दोनला टॅक्सीने घरी जायचा
आणि कुणी विचारायच्या आत ते सांगायचा.
माझ्या वाट्याला झोपलेली खाती आली:
दहा वर्षं जिकडे कुणी फिरकलं नाही अशी
चार हजार एकशे सतरा.
फ्राउ एंगेलब्रेख्त म्हणाल्या, पाचशेच्या आतली वेगळी काढ.
एक पत्र जाईल, उत्तर नाही आलं की बंद.
मी सूत्र लिहिलं, एन्टर दाबलं.
माणसं ओळीने उठून दुसऱ्या पानावर जाऊन बसली.
छान, त्या म्हणाल्या. मलाही छान वाटलं, खोटं कशाला बोलू.
त्या दुपारी मी दोनदा पुडिंग घेतलं.

एकतीस जुलै. ओळ दोन हजार सहाशे आठ.
दरवर्षी दोन ऑगस्टला जमा, दहा युरो तेवीस सेंट.
हे तेवीस कशाला? मागे मागे सरकत गेले
तर तिथे मार्क होते. वीस मार्क.
चलन बदललं, यंत्राने भागाकार केला,
आणि आकडा तेव्हापासून तसाच येतोय,
शेपटीसकट.
तपशिलाच्या रकान्यात एकच शब्द:
सायकलसाठी.

आपोआप आलेले पैसे ही ग्राहकाची हालचाल नव्हे.
नियम मी दोनदा वाचला.
पाठवणाऱ्याचं नाव बघायची मला परवानगी नव्हती.
ज्याच्यासाठी, तो आता चाळिशीला टेकला असेल.
त्याला सायकल मिळाली का, दुसऱ्या कुणाकडून,
की हे खातं आहे हेच त्याला

रात्रीच्या पहाऱ्यावरचे द्राझेन फेरीला आले.
तुम्ही कुणाला पाठवता का असे पैसे, मी विचारलं.
"स्प्लिटला, बहिणीला. ती काढत नाही.
मी थांबत नाही."
आणि दिवे विझवत पुढे गेले,
सवयीने माझाही.

दोन ऑगस्टला सकाळी पाहिलं.
आले होते.

शाळेत बेरजेचा हातचा एक
डोक्यावर बारीक लिहायचा असे,
उत्तर आलं की खोडायचा. मी खोडायला विसरायचे,
बाई मार्क कापायच्या.
मी ती ओळ उचलून "हाताने तपासावे" या पानावर ठेवली.
ते पान त्याच मिनिटाला मीच केलं होतं.

शेवटच्या शुक्रवारी काचेच्या खोलीत
फ्राउ एंगेलब्रेख्तनी चष्मा कपाळावर सरकवला:
एक कमी येतोय.
हातचा आहे, मी म्हणाले.
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि त्या पानाखाली आपली आद्याक्षरं टाकली.
का, कोण जाणे. कदाचित अकराची मीटिंग होती.

घरी आईने खडीसाखरेवर चहा ओतला. खडा तडकला.
काय केलंस गं उन्हाळाभर?
झोपलेल्यांना मोजत होते.
कुणी जागं झालं?
मी कप पुढे केला. आमच्याकडे
तीन कप झाल्याशिवाय पुरे म्हणत नाहीत.