सुकट, चौदा किलो

काट्यावर ती उभी राहीना,
म्हणून आधी यमुनाबाई एकट्या चढल्या, मग तिला उचलून.
वजाबाकी मी केली. चौदा.
कागदावर लिहिलं : नाव सुकट, मादी, वय अंदाजे सहा,
पत्ता वरळी कोळीवाडा, उलट्या होडीखाली.

गर्भाशयात पू. ऑपरेशन आजच.
'रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?'
'नाय,' म्हणाल्या,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

पहिलं इंजेक्शन झोपेचं नसतं.
ते नुसती कडी सैल करतं.
सुकट थोडा वेळ तशीच, आमच्यावर नजर ठेवून,
मग मान जड, मागचे पाय दुसऱ्या कुणाचे तरी,
डोळ्याच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी सरकत आली,
आणि तिने ओकून टाकलं :
भात, मांदेलीची तीन डोकी.

मी चिडणार होते.
यमुनाबाई पदरानेच फरशी पुसायला बसल्या.
'उपाशीपोटी कशी धाडू गो तिला?'
बरं झालं आत्ताच आलं, मी म्हटलं,
टेबलावर आलं असतं तर
— आणि पुढचं गिळलं.

डॉक्टर खानोलकर पोटाशी. मी डोक्याशी.
मॉनिटर गेल्या मंगळवारपासून दुरुस्तीला,
म्हणून दोन बोटं मांडीच्या आत, नाडीवर.
पापणीचा कोपरा शिवून बघायचा : हलतो? नाही.
पंजा चिमटायचा : ओढते? नाही.
जीभ बाहेर काढून ठेवायची, रंग बघत राहायचा.
परळच्या या खोलीत बारा वर्षं झाली,
चेहरे विसरते मी, जिभा नाही.

'किती?'
'साठ.'
बाहेर टॉवरच्या पायाभरणीची धडधड,
तिच्यातून सुकटची वेगळी काढायची.
'किती?'
'अठ्ठेचाळीस.'
खानोलकरांचे हात थांबले. गॅस कमी. अॅट्रोपिन.
किती वेळ गेला मला सांगता येणार नाही,
तक्त्यावर मात्र लिहिलंय, माझ्याच अक्षरात : चार मिनिटं.
मग बोटांखाली, आधी संशय, नंतर ठोका.

अंग गार पडतं त्यांचं.
हातमोज्यांत गरम पाणी भरून, गाठी मारून
काखेत ठेवले, जांघेत ठेवले,
पाच-पाच बोटांचे फुगीर हात,
कुणी चौघांनी धरून ठेवल्यासारखे.

शुद्ध येताना ती रडली.
दुखतंय म्हणून नव्हे, औषध उतरतंय, मी समजावलं.
चारही पाय हवेत चालू, एका लयीत,
वल्हवल्यासारखे.
'कुठं चाल्ली ही?' यमुनाबाईंनी विचारलं.
तक्त्यात त्यासाठी एक रकाना आहे. मी भरला.

'हात धुवून येते, मग शिवते तिला,'
त्या नळाकडे निघाल्या,
बोटांना सकाळच्या बाजाराचा वास.
मी म्हटलं, नका धुवू.
तशाच या. नाकाशी धरा.